मुरुड : भूजल आणि घरगुती बोअर

रायगड किनाऱ्यावरील मुरुड परिसरात घरासाठी बोअर मारायची म्हटले की पहिला प्रश्न असतो, किती फूट? भूरचना पाहता तो शेवटचा असायला हवा. येथील पाया सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाच्या बेसाल्टचा आहे. माथ्यावर ठिकठिकाणी जांभा, किनाऱ्याला पुळणीची वाळू, खाडीकाठी गाळ. बेसाल्टच्या थराचा गाभा घट्ट असतो. त्याचा वरचा भाग सच्छिद्र खरा, पण ती छिद्रे बहुधा झिओलाइट, कॅल्साइट यांसारख्या खनिजांनी बुजलेली असतात. त्यामुळे पाणी मुख्यतः झिजलेल्या मुरमात आणि भेगांत राहते आणि हा पट्टा सहसा पृष्ठभागापासून फार खोल नसतो. पाऊस उदंड पडतो, तरी साठवण अपुरी, डोंगरउतार तीव्र आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. म्हणून श्रावणात तुडुंब भरलेली विहीर वैशाखात तळ दाखवते.

अशा भूमीत खोली वाढवणे हा उपाय क्वचितच ठरतो. माती-मुरूम ढासळू नये म्हणून बोअरमध्ये कातळापर्यंत अखंड केसिंग उतरवतात. म्हणजे ज्या थरात गोडे पाणी आहे तोच बंद होतो आणि पुढचा खर्च कोरड्या दगडावर होतो. नारळी-पोफळीच्या वाड्यांतील रुंद, उथळ विहीर मात्र तोच थर उघडा ठेवते आणि रात्रभर हळूहळू झिरपणारे पाणी साठवते. पुळणीवर धोका निराळा. तेथे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगते. ढोबळ नियमानुसार समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे 40 मीटर असते. उपशाने वरची पातळी हातभर उतरली की खालून खारे पाणी अनेक पटींनी वर सरकते.

हा नियम वाळूचा, कातळाला कसा लागू होईल, हा आक्षेप रास्त आहे. घट्ट थर समुद्राला अडवूही शकतो. शिवाय या किनाऱ्यावर बेसाल्टला छेदून उभ्या घुसलेल्या भित्ती आहेत. अखंड भित्ती भूमिगत बांधासारखी पाणी अडवते, तर तिच्या कडेचा तडकलेला खडक ते वाहून नेतो. तेथे खोल बोअरलाही चांगले पाणी लागू शकते. पण समुद्राकडे उघडणारी भेग तितक्याच सहजपणे खारे पाणी आणते. म्हणून शेजाऱ्याची यशस्वी बोअर हा आपल्या अंगणाचा पुरावा नव्हे. विद्युतरोध सर्वेक्षणातून निदान अंदाज बांधता येतो. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिल्याने खडकाला भेग पडत नाही. जंजिऱ्यातील गोड्या पाण्याच्या तलावांचा दाखलाही दिला जातो, मात्र समुद्राने वेढलेल्या कातळावरचा तो साठा समजायला खोल झऱ्याची गरज नाही. खडकाच्या खोलगटात पावसाचे पाणी टिकले, एवढे पुरेसे आहे.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 नुसार 60 मीटर किंवा त्याहून अधिक खोलीची विहीर ‘खोल विहीर’ ठरते. मुरुडच्या घराला तिथवर जाण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात : जुन्या विहिरींची मे महिन्यातील पातळी आणि त्याच दिवसांत काही तास उपसा केल्यावर पाण्याची क्षारता. उपशाबरोबर क्षारता चढत असेल तर लहान पंप लावून थांबून थांबून उपसावे आणि छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडावे.