शुक्र, मंगळ आणि माणसाचं घर

माणूस उद्या दुसऱ्या ग्रहावर राहायला जाईल, असं टीव्हीवर आणि मोबाईलवर सारखं येतं. बचत गटाच्या बैठकीतही हा विषय निघतो. म्हणून आज आम्ही जठारपेठेतून आपल्या दोन शेजाऱ्यांचा इतिहास सांगतोय. पृथ्वीच्या एका बाजूला शुक्र, दुसऱ्या बाजूला मंगळ.

हे दोघं आपल्याला नवे नाहीत. घरात घड्याळ नव्हतं तेव्हा आपल्या आज्या पहाटेची शुक्राची चांदणी पाहून जात्यावर बसायच्या. शुक्राचा अस्त असला की लग्नाची तिथी निघत नाही. मंगळ तर पत्रिकेतून थेट घरात येतो.

दुर्बीण आली तरी शुक्र नीट दिसेना, कारण त्याच्यावर कायम ढग. ढग आहेत म्हणजे पाऊस असेल, दलदल असेल, हिरवी झाडी असेल, असं बऱ्याच जणांना वाटायचं. १९६२ साली अमेरिकेचं मरिनर २ हे यान शुक्राजवळून गेलं आणि कळलं की ती भट्टी आहे. डिसेंबर १९७० मध्ये रशियाचं व्हेनेरा ७ तिथे उतरलं आणि जमिनीवरून जेमतेम २३ मिनिटं संदेश पाठवू शकलं. १९८२ साली व्हेनेरा १३ दोन तास सात मिनिटं टिकलं.

असं का झालं? मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला की आपला जीव नकोसा होतो. शुक्रावर ४६० अंशांच्या आसपास उष्णता असते, दिवसा आणि रात्रीही. शिसं वितळेल एवढी! तिथली हवा जवळपास सगळी कार्बन डायऑक्साईडची आणि इतकी जाड, की तिचा दाब आपल्या हवेच्या नव्वदपट. उन्हाची ऊब आत येते, बाहेर पडत नाही. घट्ट झाकण लावलेलं भांडं चुलीवर ठेवावं तसं. आणि ढग पाण्याचे नाहीत, गंधकाच्या तेजाबाचे आहेत. त्याच ढगांवरून ऊन परततं, म्हणून चांदणी एवढी लखलखते.

मंगळाचं उलट झालं. १८७७ साली इटलीच्या शियापरेल्लींना दुर्बिणीतून मंगळावर रेघा दिसल्या. पुढे अमेरिकेच्या लॉवेलनी त्या रेघा म्हणजे कालवे आहेत, तिथल्या हुशार लोकांनी शेतीसाठी खणले आहेत, असं मांडलं. कितीतरी वर्षं लोकांना ते खरं वाटलं. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ नं जवळून फोटो पाठवले. कालवे नाहीत, पिकं नाहीत. खड्डे आणि उजाड जमीन. नंतरच्या यानांना मात्र वाळलेल्या नद्यांची पात्रं दिसली. म्हणजे कधीकाळी तिथे पाणी वाहत होतं.

मग दोघांत राहायला बरा कोण? मंगळच. त्याचा दिवस आपल्यासारखाच, २४ तासांहून थोडा मोठा. २००८ साली फिनिक्स यानाला तिथल्या मातीखाली बर्फ सापडला. पण हवा आपल्या शंभराव्या हिश्शाहून कमी आणि सरासरी थंडी शून्याखाली ६० अंश. मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. विहिरीला पाणी असतं, पण तोंडात घेववत नाही. तिथे बर्फ आहे, पण माती अशी. श्वासाचंही तसंच. नासाच्या एका यंत्रानं २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतून प्राणवायू तयार करून दाखवला, सगळा मिळून १२२ ग्रॅम. एका माणसाला एका दिवसाला पाऊण किलोहून जास्त लागतो.

या इतिहासात आपल्या भागाचंही पान आहे. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार. विष्णूनं लवणासुराला मारलं ती ही जागा, असं आपण ऐकत आलो. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञानं लोणारची तुलना ॲरिझोनातल्या तशाच खड्ड्याशी केली होती. १९७३ साली तिथल्या दगडांच्या तपासणीतून सिद्ध झालं, की सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खड्डा आकाशातून पडलेल्या अशनीनं झाला. आपला काळा दगड लाव्हाचा, मंगळावरचाही बराचसा तसाच. म्हणून मंगळावरचे खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात.

आणि आपलं मंगळयान! ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं. पहिल्याच फेरीत, सुमारे ४५० कोटी रुपयांत. त्या दिवशीचा, साडी नेसलेल्या आणि केसात फुलं माळलेल्या इस्रोच्या बायांचा फोटो जगभर गाजला. रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ, मीनल संपत या त्या मोहिमेत काम केलेल्या बाया.

आता आपल्या घरातला मंगळ. पत्रिकेत १२ घरं. त्यातल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरात मंगळ असला तर मंगळदोष म्हणतात. म्हणजे बारातली पाच घरं. तुम्हीच हिशेब करा: दर १२ लेकरांमागे साधारण पाच मंगळाची निघणार, पोरीही आणि पोरंही. अपवाद लावून काही सुटतात. पण ज्या ग्रहाभोवती आपलं यान फिरलं, जिथे दगड, धूळ आणि बर्फ आहे, त्याच्या नावानं पोरीचं जमत आलेलं लग्न मोडतं, तिला झाडाशी लग्न लावायला सांगतात, आणि पोराच्या मंगळाबद्दल तेवढी चर्चा होत नाही. गटातल्या एखाद्या घरी असा प्रसंग आला, तर हा १२ आणि ५ चा हिशेब तिथे नक्की मांडा.

राहायला जायचं म्हणाल तर, मंगळावर थोडी माणसं बंद खोल्यांत, सोबत नेलेल्या हवा-पाण्यावर काही काळ राहतील, असे प्रयत्न चालू आहेत. गावंच्या गावं तिथे जातील, अशी सोय आज कुठेच नाही. आपल्या लेकरांना याच मातीत, याच विहिरींवर जगायचं आहे. म्हणून पुढच्या बैठकीत मंगळाबरोबर गावच्या पाण्याचाही विषय घ्या. आणि गटाची सहल काढणार असाल तर एकदा लोणारला जाऊन या.