तोफ वाजली, पण खिंडीत ऐकू आली का?

मागच्या भागात आपण शिवनेरीवर होतो. आज थोडं लांब, विशाळगडाकडे जायचंय, पण वाटेत जुन्नरचं नाणेघाट लागेलच.

13 जुलै 1660. पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटलेत, मागे सिद्दी मसूदची फौज. घोडखिंडीत बाजीप्रभू वाट अडवून उभे. परंपरेने आपल्याला ठाऊक असलेला करार असा, की महाराज गडावर पोचले की तोफा वाजतील. तोवर खिंड सोडायची नाही. म्हणजे माणसांचा जीव एका आवाजावर टांगलेला! धुराची किंवा जाळाची खूण चालली नसती का? ऐन पावसाळ्यात, धुक्यात? उरला आवाजच.

आता मला छळणारा प्रश्न. मधे डोंगर, दऱ्या, रान. आवाज पोचतो कसा?

आवाज सरळ रेषेत जातो असं आपण धरून चालतो. तसं नसतं. उन्हाने जमीन तापली की खालची हवा गरम होते आणि आवाज वर वळून निघून जातो. जुलैत आभाळ भरलेलं, ऊन नाही, म्हणजे हे नुकसान कमी. दुसरं वाऱ्याचं. उंचावर वारा जास्त वेगाने वाहतो, म्हणून वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली जमिनीकडे झुकतो. पावसाळी वारा पश्चिमेचा. ज्यांनी नाणेघाटात धबधब्याचं पाणी उलटं वर उडताना पाहिलंय त्यांना तो सांगायला नको. विशाळगड पश्चिमेला, खिंड त्याच्या पूर्वेला. वारा बाजीप्रभूंच्या बाजूने होता!

पण डोंगर? तोफेच्या आवाजात खर्ज भरपूर, आणि खर्जाच्या लाटा लांब असतात. सेकंदाला 50 कंपनं धरली तर लाट जवळपास 7 मीटरची. अशी लाट कड्याला वळसा घालते, बारीक आवाज मात्र आडोशाला अडकतात.

हे कॉम्प्युटरवर तपासायचं तर हवेचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक ठिकाणी दाब मोजत पुढे जायचं. गोची इथे होते. सरळ चौकोनांत डोंगराचा उतार जिन्यासारखा दिसतो, आणि प्रत्येक पायरीवर खोटा प्रतिध्वनी तयार होतो. उपाय गोधडीचा. अंगावर टाकलेली गोधडी जशी अंगाचा आकार घेते, तशी जाळी डोंगरावर पसरायची, खालच्या रेघा उतारासोबत वाकलेल्या, वर जाऊ तशा सपाट. वाकण्याचा हिशोब मग समीकरणात घ्यायचा. हवामानवाल्या नॉर्मन फिलिप्सने 1957 मध्ये जमिनीचा आकार धरणारी अशी उंचीची मापं मांडली. 1974 मध्ये जो थॉम्प्सन आणि सहकाऱ्यांनी कुठल्याही वेड्यावाकड्या आकाराला जाळी चिकटवायची रीत दिली.

खर्चाचा अंदाज घ्या. 7 मीटरच्या लाटेला 10 ठिपके, म्हणजे दर 70 सेंटीमीटरला एक. समजा 10 किलोमीटर लांब आणि 1 किलोमीटर उंच असा नुसता उभा काप घेतला, तरी दोन कोटी ठिपके! आणि खरा आवाज तेवढं अंतर अर्ध्या मिनिटात कापतो.

सह्याद्री इथेही त्रास देतो. युरोपातल्या गोलसर टेकड्यांवर गोधडी छान बसते. जीवधनच्या सरळ तुटलेल्या कड्यावर तीच ताणली जाते, चौकोन चिरडतात, उत्तर बिघडतं. तिथे जाळी वेगळी, तुकड्यातुकड्यांनी विणावी लागते. (खोडदच्या जीएमआरटीला मात्र हेच डोंगर हवेसे वाटले, बाहेरचा रेडिओ गोंगाट ते अडवतात. ती लाट वेगळी, तो भाग पुढे कधीतरी.)

माझं मत विचाराल तर करार भाबडा नव्हता. ढगाळ आभाळ, पाठीवर पश्चिमेचा वारा, तोफेचा खर्ज, तिन्ही जमून आलेलं. विरोधात एकच मोठी गोष्ट, खिंडीतला पाऊस आणि लढाईचा कल्ला. तोफ एकदाच उडवून भागलं नसतं ते त्यामुळेच.