जाळावे की पुरावे?

शहरातील केरकचऱ्याचे काय करावे, या प्रश्नाला विलायतेने १८७४ साली नॉटिंगहॅम येथे भट्टी बांधून उत्तर दिले. आपल्याकडे एक निराळे उत्तर निघाले, आणि ते बंगळूरच्या नावाने ओळखले जाते.

तेथील चामराजपेट ही वसाहत १८९२ साली आखली गेली. सरळ रस्ते, आणि घरांच्या पाठीमागून जाणारे अरुंद बोळ. मुंबईकर ज्याला घरगल्ली म्हणतो, तोच हा प्रकार. भंग्याने मागल्या अंगाने यावे, मैला न्यावा आणि कोणाच्या दृष्टीस पडू नये, अशी ही व्यवस्था. या नगररचनेची वाखाणणी करताना तिच्या पोटातील हा जातिभेद नजरेआड करता येत नाही.

बोळातून निघणाऱ्या मैल्याचा आणि कचऱ्याचा एकत्र विचार डॉ. आचार्य यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३९ च्या सुमारास केला. त्याआधी इंदूरला सर आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी खताची पद्धत सिद्ध केली होती. पण तीत ढीग वारंवार उलथावा लागे. आचार्यांनी खड्ड्यात कचऱ्याचा एक थर, मैल्याचा एक थर असे रचून वर मातीचा लेप दिला. आरंभीच्या उष्णतेने रोगजंतू मरतात, आणि काही महिन्यांत, न उलथता, खत तयार होते. मजुरी वाचते, माशांचा उपद्रव टळतो. पुढे अनेक नगरपालिकांनी ही पद्धत उचलली.

मग ती मागे का पडली? गटारे आली, मैला त्यांतून वाहून गेला. गावाबाहेरच्या शेतांवर घरे उठली. कचऱ्यात प्लास्टिक शिरले. तेव्हा भट्टीची आठवण झाली. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली परदेशी साहाय्याने ती उभी राहिली आणि अवघ्या काही आठवड्यांत थंडावली. आपला कचरा ओला, माती-राखेने भरलेला. तो जळावयास तयार नव्हता. मागविण्यापूर्वी कोणी कचऱ्याची टोपली चाळून पाहिली असती, तर हा खर्च टळता!

बंगळूरचा कचरा मात्र मंडूरसारख्या खेड्यांच्या उशाशी साचत राहिला. ग्रामस्थांच्या विरोधानंतर २०१४ च्या अखेरीस तेथील टाकणे थांबले. सुका माल वेचणाऱ्यांना, जे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले, महापालिकेने २०११ साली प्रथम ओळखपत्रे दिली. बोळातून येणाऱ्या माणसाचे नाव अखेर दप्तरी लागले.