एक जून की सहा जानेवारी?

आमच्या इंदापूर-बारामतीकडे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला जन्मतारीख विचारा, बरेचदा उत्तर येतं: एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वयाचा अंदाज बांधून तीच लिहिलेली. माझे आजोबाही त्यातलेच. पण एका कार्यालयाच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते सहा जानेवारीला जन्मले. आधारशी तारीख जुळेना, म्हणून पेन्शन चार महिने अडली.

चूक कुठे झाली असेल ते मला लगेच कळलं, कारण मी हेच काम करतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'डेटस्टाइल' नावाची सेटिंग असते. तीत महिना आधी असेल, तर ०१/०६/१९४८ म्हणजे ६ जानेवारी. १३/०६ टाकलं तर निदान एरर येते. ०१/०६ मात्र मुकाट्याने गिळलं जातं. यावर १९८८ साली आयएसओ ८६०१ हे मानक आलं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १९४८-०६-०१. असं लिहिलं की वाचताना गोंधळ नाही, आणि साध्या सॉर्टनेही तारखा कालक्रमाने लागतात.

आपल्या जुन्या कागदांत याच्या नेमकं उलटं होतं. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या मोडी पत्रांवर सुहूर सन असतो. वर्ष अरबी शब्दांत, तेही एकं आधी: 'तिसा अशरीन मया अलफ', म्हणजे नऊ, वीस, शंभर, हजार. ११२९. हे वर्ष मृग लागला की बदलायचं, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. इसवी सन काढायला जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतर ६००. म्हणजे हे साल १७२८-२९.

खरी गंमत पुढे आहे. पत्रात 'छ' लिहून दिलेला दिवस आणि महिना हिजरी, म्हणजे चांद्र. वर्ष मात्र सौर. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. त्यामुळे एखादी चांद्र तारीख एकाच सुहूर वर्षात दोनदा येऊ शकते, सुरुवातीला आणि शेवटी. तिथे कुठलाही फॉरमॅट कामाचा नाही. पत्रातला मजकूर वाचूनच ठरवावं लागतं.

आजोबांची नोंद शेवटी दुरुस्त झाली, १९४८-०६-०१. त्यांची आई मात्र सांगायची, हे झाले तेव्हा ज्वारी हुरड्यात आली होती. हुरडा आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत असतो.