रुमालापासून तबकडीपर्यंत

पिंपळगांव बसवंत हें निफाड तालुक्यांतील गांव मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेलें आहे. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षें ह्यांच्या बाजारपेठेमुळें त्याचें नांव दूरवर पोहोंचलें. जेथें बाजार तेथें हिशेब, आणि जेथें हिशेब तेथें दप्तर, हें ओघानेंच आलें. आडत्याची वही, मालाची पट्टी, कर्जाची पावती, जमिनीचा सातबारा, असे कागद पिढ्यान् पिढ्या लोखंडी पेटींत किंवा भिंतींतील कोनाड्यांत राहत आले. आतां त्यांपैकीं पुष्कळ कागद संगणकांत शिरले आहेत. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. युरोपांत जाणाऱ्या द्राक्षांच्या बागांची नोंद 'अपेडा' ह्या केंद्र सरकारच्या संस्थेनें उभारलेल्या 'ग्रेपनेट'मध्यें होते. घरोघरचीं लग्नाचीं छायाचित्रें, मुलांचीं प्रमाणपत्रें, फवारणीच्या नोंदी आणि वाटणीचे कागद तळहाताएवढ्या एका डबींत ठेवण्याचा प्रघात पडला आहे. ह्या डबीस बाह्य हार्ड डिस्क म्हणतात.

पण ही डबी ऐन वेळीं लिहून घेण्याचें नाकारते. 'जागा नाहीं', 'लिहिण्याची परवानगी नाहीं', 'फाइल फार मोठी आहे', अशी कांहीं तरी सूचना पडद्यावर येते आणि घरांतील माणूस गोंधळून जातो. कोणी तीच फाइल पुन्हां पुन्हां पाठवीत बसतो. कोणी घाईनें डबी उपटून दुसऱ्या यंत्रास लावतो. आणि कोणी पडद्यावर विचारलेल्या प्रश्नास न वाचतांच होकार देऊन सारी डबी कोरी करून घेतो. वस्तुतः ह्यांतील प्रत्येक दोषास एक कारण आहे आणि बहुतेक कारणांस एक इतिहास आहे. तो ध्यानीं आला म्हणजे उपायहि सुचतो.

लिहिलेला मजकूर बिनचूक उतरला कीं नाहीं, ही चिंता महाराष्ट्राला नवी नाहीं. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' अशी मोर्तब असे. पेशवाईंतील पत्रांच्या शेवटीं 'लेखनसीमा' हा शिक्का आढळतो. ह्या शिक्क्यांचा हेतु शोभेचा नव्हता. मजकूर येथें संपला, ह्यापुढें कोणीं एक अक्षर जोडल्यास तें खोटें समजावें, आणि शिक्का नसल्यास पत्र अपुरें समजावें, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होता. शिवाय महत्त्वाच्या पत्राची नोंद दप्तरांत होई व तशी खूण पत्रावर करण्यांत येई. ह्या कामास बारनिशी म्हणत. कागद कापडाच्या रुमालांत बांधून ठेवीत, आणि कसर व वाळवी ह्यांपासून त्यांचें रक्षण करण्यासाठीं ते रुमाल वेळोवेळीं उघडून पाहणें भाग असे.

इतकें करूनहि सर्व कांहीं टिकलें नाहीं. १६८९ सालीं रायगड मोगलांच्या हातीं गेला, आणि राजधानींतील शिवकालीन दप्तर पुढच्या पिढ्यांच्या हातीं लागलें नाहीं. त्या काळाचा जो पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे, तो बहुतांशीं ज्यांना पत्रें गेलीं त्या देशमुख, देशपांडे, कुलकर्णी आणि इनामदार घराण्यांनीं जपलेला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गांवोगांव हिंडले ते ह्याच घरांतून. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, आणि १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. उलट पेशव्यांचें दप्तर पुण्यास एका जागीं सांभाळलें गेलें, म्हणूनच गो. स. सरदेसाई ह्यांना १९३० नंतरच्या चारपांच वर्षांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध करतां आले. एक दप्तर जागच्या जागीं सुरक्षित राहिलें म्हणून हातीं आलें. दुसरें नाहींसें झालें, तरी त्यांतून बाहेर गेलेले कागद ठिकठिकाणीं होते म्हणून त्याचा कांहीं अंश वांचला. तबकडीच्या इतिहासाकडे पाहतांना हे दोन्ही दाखले स्मरणांत ठेवण्याजोगे आहेत.

चुंबकीय तबकडीचा जन्म १९५६ सालचा. अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें त्या वर्षीं 'रॅमॅक' नांवाचें यंत्र जाहीर केलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत असत, आणि एवढ्या अवजड सरंजामांत ५० लक्ष अक्षरें मावत. आजच्या मोबाइलनें काढलेल्या एखाद्या मोठ्या छायाचित्रासहि ती जागा अपुरी पडेल. पुढें तबकड्या लहान होत गेल्या. १९९६ सालीं यूएसबी ह्या जोडणीचा पहिला नमुना ठरला. बडोद्याच्या विद्यापीठांत शिकलेले अजय भट्ट हे तिच्या प्रमुख कर्त्यांपैकीं एक होत. ह्या जोडणीमुळें तबकडी संगणकाच्या पोटांतून बाहेर आली आणि खिशांत मावूं लागली. ती सुटसुटीत झाली. पण जी वस्तु बाहेर काढतां येते ती अवेळीं काढली जाण्याचा धोकाहि तिच्याबरोबरच आला.

आतां दोषांचा विचार करूं. पहिला दोष जागेचा. एक टेराबाइटची म्हणून आणलेली डबी विंडोज यंत्रास लावली असतां ९३१ इतकाच आंकडा दिसतो आणि गिऱ्हाइकास फसविल्यासारखें वाटतें. येथें लबाडी नसते. तयार करणारा हजाराच्या पटीनें मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीनें मोजतें. एका गांवचा मण दुसऱ्या गांवीं निराळा भरे, त्यांतलाच हा प्रकार आहे. मात्र अगदीं स्वस्तांत मिळणाऱ्या कांहीं डब्यांत खरी लबाडीहि आढळते. आंत जागा थोडी असून आंकडा मोठा दाखविलेला असतो; जागा संपल्यावर नवा मजकूर जुन्यावरच लिहिला जातो आणि दोन्ही वाया जातात. म्हणून नवी डबी भरवशाच्या दुकानांतून घ्यावी, आणि तींत प्रथम कमी महत्त्वाच्या फाइली भरून व उघडून पाहाव्या.

दुसरा दोष मांडणीचा. तबकडीवर कोणता मजकूर कोठें आहे हें सांगणारी एक अनुक्रमणिका असते. 'फॅट' नांवाची मांडणी मायक्रोसॉफ्ट कंपनींत १९७७ सालीं तयार झाली. तिची 'फॅट-३२' ही आवृत्ति १९९६ सालची. त्या वेळीं चार गिगाबाइटची एकच फाइल घरगुती यंत्रावर कोणी ठेवील अशी कल्पनाहि नव्हती, म्हणून एका फाइलीची मर्यादा तेवढीच ठरली. आज लग्नाचें एखादें चलच्चित्र ती मर्यादा सहज ओलांडतें. मग डबींत शेंकडों गिगाबाइट मोकळे असतांनाहि 'फाइल फार मोठी आहे' असें उत्तर येतें. ह्याउलट १९९३ ची 'एनटीएफएस' ही मांडणी मोठ्या फाइली घेते; परंतु ॲपलच्या मॅक यंत्रांना ती वाचतां येते, आणि वेगळी सोय केल्यावांचून तिच्यावर लिहितां येत नाहीं. दोन्ही प्रकारच्या यंत्रांशीं संबंध येणाऱ्यांस २००६ ची 'एक्सफॅट' ही मांडणी सोयीची पडते. मांडणी बदलण्यासाठीं डबी नव्यानें 'फॉरमॅट' केली म्हणजे आंतलें सर्व पुसलें जातें. तेव्हां आधीं सगळा मजकूर दुसरीकडे उतरवून मगच त्या कामास हात घालावा.

नांवामुळेंहि फाइल अडते. तारीख लिहितांना मध्यें तिरपी रेघ ओढण्याची आपली संवय आहे. पण विंडोजमध्यें फाइलीच्या नांवांत तिरपी रेघ, अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह चालत नाहीं. तारखेंत आडवी रेघ वापरली कीं अडचण मिटते.

तिसरा दोष विजेचा. लहान बाह्य डबी आपली वीज संगणकाकडूनच घेते. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तींत त्यासाठीं ५०० मिलिअँपियर, आणि २००८ च्या तिसऱ्या आवृत्तींत ९०० मिलिअँपियर इतकी मर्यादा घातलेली आहे. केबल लांब, जुनी किंवा सैल असली, अथवा एकाच जोडपट्टींतून चारपांच वस्तु वीज ओढत असल्या, म्हणजे लिहितां लिहितां तबकडीचा दम तुटतो आणि डबी पडद्यावरून नाहींशी होते. अशा वेळीं तबकडी बिघडली असें ठरविण्यापूर्वीं आंखूड व चांगली केबल घेऊन डबी थेट संगणकास लावावी. वारंवार दिसणारा दोष पुष्कळदां एवढ्यानेंच जातो.

चौथा दोष घाईचा, आणि सर्वांत अधिक नुकसान तोच करतो. दुकानांत व्यवहार आधीं रोजकीर्दींत टिपतात व मागाहून खतावणींत उतरवितात. संगणकहि तबकडीवर लिहावयाचा मजकूर प्रथम आपल्या स्मृतींत धरून ठेवतो आणि सवडीनें खालीं उतरवितो. पडद्यावर काम संपल्याचें दिसलें तरी शेवटचीं पानें अजून वाटेंतच असूं शकतात. त्या क्षणीं डबी उपटली तर फाइल अर्धवट राहते, आणि अनुक्रमणिकाच लिहिली जात असेल तर आधीच्या फाइलींचाहि पत्ता हरवतो. 'एनटीएफएस'सारख्या मांडणींत अनुक्रमणिकेच्या फेरफारांची एक रोजकीर्दच ठेवलेली असते व तीवरून विस्कटलेली मांडणी पुन्हां बसवितां येते. फॅट व एक्सफॅट ह्यांत ती सोय नाहीं. २०१८ पासून विंडोजनें बाहेरच्या डब्यांवर शक्य तितकें ताबडतोब लिहिण्याची पद्धति स्वीकारली, तरी डबी काढण्यापूर्वीं 'सेफली रिमूव्ह' किंवा 'इजेक्ट' ही आज्ञा द्यावीच. ती आज्ञा म्हणजे ह्या नव्या दप्तराची लेखनसीमा आहे.

पांचवा दोष खुद्द तबकडीच्या देहाचा. फिरत्या तबकडीवर वाचणारें टोंक इतक्या कमी अंतरावर तरंगतें कीं तें अंतर केसाच्या जाडीच्या हजारांशापेक्षांहि कमी भरतें. चालू असतांना धक्का लागला तर पृष्ठभागास इजा होते. टकटक असा आवाज येणें, लहानशा फाइलीस मिनिटें लागणें, एकाच ठिकाणीं वारंवार अडणें, हीं लक्षणें दिसतांच त्या डबीवर नवें कांहीं लिहूं नये. दुरुस्तीची आज्ञा अनुक्रमणिकेंत फेरफार करते. म्हणून तिच्याकडे वळण्यापूर्वीं वाचतां येईल तेवढें दुसरीकडे उतरवून घ्यावें, आणि त्यांतहि ज्याची दुसरी प्रत कोठेंच नाहीं तें सर्वांच्या आधीं. टकटक चालूच राहिली तर डबी बंद करून जाणत्याकडे न्यावी.

उतरलेला मजकूर बरोबर आहे हें कसें ठरवावयाचें? शाळेंत गुणाकाराचा ताळा पाहण्यास नऊ टाकून उरलेली बाकी काढीत. ३७५२ ह्या संख्येचा ताळा ८ येतो. पण घाईंत कोणीं ३५७२ लिहिलें तरी ताळा ८ च येतो, कारण अंक तेच असून केवळ जागा बदललेली असते. हा उणेपणा दूर करणाऱ्या युक्त्या विसाव्या शतकाच्या मध्यास निघाल्या. बेल प्रयोगशाळेंतील रिचर्ड हॅमिंग हे आठवड्याच्या अखेरीस यंत्रावर गणित लावून ठेवीत, आणि एका चुकीपायीं यंत्र तें सोडून देई. चूक झाली हें यंत्राला कळतें तर कोठें झाली हें कां कळूं नये, असा त्यांस प्रश्न पडला. १९५० सालीं त्यांनीं चूक शोधून दुरुस्त करणारी संकेतपद्धति प्रसिद्ध केली. १९६१ मध्यें वेस्ली पीटरसन ह्यांनीं अंकांच्या जागेचीहि दखल घेणारा ताळा दाखविला. आज केबलमधून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यास व तबकडीवरील प्रत्येक कप्प्यास असा ताळा जोडलेला असतो. घरच्या माणसानें निदान इतकें करावें: मूळ व प्रत ह्यांतील फाइलींची संख्या आणि आकारमान जुळवून पाहावें, आणि मधल्या व शेवटच्या कांहीं फाइली प्रतीवरूनच उघडाव्या. हा ताळा जमल्याखेरीज मूळ मजकूर पुसूं नये.

एवढें सर्व सांभाळलें तरी डबी ही अखेर एकच वस्तु आहे. ती हरवेल, चोरीस जाईल, पावसांत भिजेल किंवा वयानें थकेल. पिंपळगांवच्या एखाद्या द्राक्षबागाइतदारानें वर्षभराच्या नोंदी एकाच डबींत ठेवल्या आणि माल पाठविण्याच्या दिवशीं ती उघडली नाहीं, तर त्याचें नुकसान केवळ तबकडीच्या किंमतीचें राहत नाहीं. म्हणून एक प्रत घरीं, दुसरी निराळ्या डबींत, आणि तिसरी दुसऱ्या गांवीं नातलगाकडे किंवा जालावरील साठ्यांत, अशी व्यवस्था करावी; आणि वर्षांतून दोन वेळां, पूर्वीं रुमाल सोडून पाहत तशा, सर्व डब्या लावून पाहाव्या. रायगडचें दप्तर गेलें तरी शिवछत्रपतींचें अक्षर कांहीं अंशीं उरलें, तें दूरच्या खेड्यांतील घरांनीं आपापले कागद जपले म्हणून. त्या घरांना आपण इतिहास राखीत आहों ह्याची जाणीव असेलच असें नाहीं. त्यांनीं केवळ वडिलांचा कागद टाकला नाहीं.