हाली, कलदार आणि वालूरचा निर्वाह

उपनगरात बिऱ्हाड करणाऱ्या कुटुंबाचा मासिक खर्च मांडावयास घ्यावा, तर घरभाडे, पाणी, प्रवास आणि शाळेचे शुल्क ही कलमे धान्याच्या आधीच अर्धा कागद व्यापतात. परंतु निजामी अंमलातील, मराठवाड्यातल्या वालूरसारख्या गावी असा जमाखर्च कोणी मांडला असता, तर त्यातील बहुतेक रकाने कोरे राहिले असते, आणि त्या कोरेपणाचे कारण केवळ दारिद्र्य नव्हते.

घर मातीचे, वर माळवद, आणि त्याची डागडुजी घरच्याच हातांनी होई. पाण्यासाठी गोल वळत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची, आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवणारी बारव होती. सुताराने औत भरावे, कुंभाराने मडकी द्यावीत, न्हाव्याने हजामत करावी, आणि या सर्वांचा मोबदला सुगीला खळ्यावर ज्वारीच्या रूपाने मोजला जावा, हा बलुत्याचा रिवाज होता. तथापि या व्यवस्थेस स्वस्ताई म्हणणे मला अन्यायाचे वाटते. कारण ज्यांच्या श्रमावर ती उभी होती त्यांना आपल्या श्रमाचे मोल ठरविण्याचा अधिकार नव्हता, आणि मराठवाड्यातील कित्येक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना बंद होते. ज्याचा खर्च कागदावर दिसत नव्हता, तो कोणाच्या तरी पाठीवर होताच.

रोख पैसा लागे तो मुख्यतः सरकारी सारा, कापड, मीठ, रॉकेल आणि लग्नकार्य यांसाठी. हा पैसा म्हणजे हैदराबादचा हाली सिक्का. इंग्रजी कलदार 100 रुपयांस हालीचे 116 रुपये 10 आणे 8 पै पडत, म्हणजे कलदार सहा तर हाली सात. शिवाय संस्थानाबाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे, आणि तिचा भार अखेर गिऱ्हाइकावरच पडे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद लोहमार्ग वालूरजवळच्या सेलूवरून गेला, तेव्हा या मुलखातील कापसाला दूरची बाजारपेठ मिळाली. हाती नगद येऊ लागली खरी, पण तिच्याबरोबर दूरच्या बाजाराचा चढउतारही घरात शिरला आणि सावकाराचे खतही. दुसऱ्या महायुद्धात सक्तीची लेव्ही आली, तेव्हा कणगीतले धान्यसुद्धा सर्वस्वी आपले राहिले नाही.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली. 1949 मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या. हाली काही वर्षे भारतीय रुपयासोबत चालून मग चलनातून गेली. 1957 मध्ये आणे-पै जाऊन नवे पैसे आले, आणि पाठोपाठ शेर-मणांच्या जागी किलो. वृद्धांना हे हिशेब जड गेले असतील. परंतु याहून खोल पालट असा, की बलुते विरत गेले आणि धान्याने फिटणारी गरज नाण्याने फिटू लागली. महागाई म्हणजे केवळ भाव चढणे नव्हे. पूर्वी विकत न घ्याव्या लागणाऱ्या वस्तू विकत घ्याव्या लागणे, हाही तिचाच भाग आहे, आणि हा भाग निर्देशांकांत क्वचितच उमटतो.

1972 च्या दुष्काळात नाण्यावरचे हे अवलंबन उघडे पडले. खळेच रिते, तेव्हा बलुते कशाचे? माणसे खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन जगली, आणि या अनुभवातून विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा 1979 मध्ये अंमलात आला. मजुरी आता रोखीने मागता येत होती, आणि ती मागणे हा हक्क ठरला होता. मात्र हमीचे काम पुरेना, तेव्हा मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे उसाच्या फडांकडे आणि पुण्या-मुंबईच्या उपनगरांकडे निघाली.