डावाला लावलेलं पान

आमच्या घरात पत्त्यांना मज्जाव होता. आज्जी सात व्यसनांची नावं पाठ करून घ्यायची आणि पहिलंच नाव द्यूत! त्यामुळे मे महिन्यात भाचा डबाभर पत्ते घेऊन बेळगावला आला, तेव्हा मी आधी दचकलेच. तो म्हणाला, "मावशी, हा जुगार नाही गं, हे मॅजिक आहे." म्हटलं, बघू तरी याचं मूळ काय ते.

मूळ अमेरिकेतलं. 1991 साली रिचर्ड गारफिल्ड नावाचा गणिताचा विद्यार्थी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएच.डी. करत होता. 'रोबोरॅली' नावाचा पटावरचा खेळ त्यानं बनवला होता. तो घेऊन तो पीटर अ‍ॅडकिसनकडे गेला. अ‍ॅडकिसनची 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' ही तेव्हा अगदी लहान कंपनी. पट, सोंगट्या छापायचा खर्च तिला झेपणारा नव्हता. त्यानं सांगितलं, खेळांच्या संमेलनात मधल्या वेळात चटकन मांडता येईल, खिशात मावेल, असं काहीतरी दे.

गारफिल्डनं वेगळाच विचार केला. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत बावन्न पानांचा एकच जोड दोघं वाटून घेतात. इथे प्रत्येकानं आपापला जोड घरून जुळवून आणायचा. पानांवर जादूचे मंत्र, राक्षस, जमिनी. फिलाडेल्फियात मित्रांनी हाताने केलेल्या पानांवर खेळून खेळून तो पारखला आणि ऑगस्ट 1993 मध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग' बाजारात आला. 295 प्रकारची पानं, पहिली छपाई 26 लाखांची. ती बघता बघता संपली. 1997 मध्ये या खेळपद्धतीचं पेटंटही मिळालं.

पण मला थांबवलं ते एका जुन्या नियमानं. सुरुवातीला खेळण्याआधी दोघांनीही आपापल्या जोडातलं एक पान न बघता काढून डावाला लावायचं. जिंकेल त्यानं दोन्ही न्यायची. गोट्यांत जिंकलेली गोटी खिशात जाते, तसंच. म्हणजे आज्जीची शंका अगदीच खोटी नव्हती! खेळणाऱ्यांनाच हे रुचलं नाही. आवडीचं पान गमवायला कोण तयार होणार? स्पर्धांतून तो नियम गेला, आणि 1995 नंतर डावाला लावण्याची तसली पानंही कंपनीनं काढली नाहीत.

मग द्यूत गेलं म्हणायचं का? पंधरा पानांचं बंद पाकीट भाचा फोडत होता, तेव्हा मी त्याची बोटं बघत होते. त्यात दुर्मीळ पान साधारण एकच, आणि ते कुठलं निघेल ते आधी कळत नाही. बरोबरीचे लोक घेतील तेवढीच पाकिटं घेतील, असं गारफिल्डला वाटलं होतं. लोकांनी पेट्याच्या पेट्या घेतल्या. डाव टेबलावरून उठला आणि पाकिटात जाऊन बसला.

मी भाच्याला म्हटलं, "तुला हवं ते पान दुकानातून सुटं घे, पैसे मी देते. बंद पाकिटाला मात्र नाही."

तो म्हणाला, "मग त्यात मजा काय, मावशी?"

आज्जीनं पहिलं नाव का पाठ करून घेतलं, ते मला तेव्हा नीट कळलं. पण त्याचा जोड मी परत घेतला नाही. संध्याकाळी त्याच्यासमोर बसून खेळले, आणि हरलेही.